सहावी-सातवीचा पट

२३ जून, सोमवार

शाळा सुरू. तोरण, फुगे, नवी पुस्तकं. दुपारी सहावी-सातवीची हजेरी घेतली. सहावीत सात, सातवीत नऊ. दोनदा मोजले. सोळाच.

पाचवीतून अकरा वर यायचे होते. त्यातले चार सकाळी पिवळ्या बसमध्ये बसून तालुक्याच्या इंग्रजी शाळेत गेले. मी तेव्हा गेटवर फुगे बांधत होते. वेदांतनं बसच्या खिडकीतून "नमस्ते मॅडम" केलं. मीही हात हलवला. दुसरं काय करणार. वेदांत म्हणजे श्यामरावभाऊंचा नातू, आणि श्यामरावभाऊ म्हणजे आमच्या शाळा समितीचे अध्यक्ष.

बोरकुटे सरांनी हजेरी बघून बंद केली. मोजता त्यांनाही येतं. दोन्ही वर्ग मिळून वीस नसले तर तिथलं शिक्षकाचं पद जातं, आणि ते पद म्हणजे बोरकुटे सर. गणित-विज्ञान, अकरा वर्षं याच गावात, म्हातारे वडील सोबत. अतिरिक्त ठरले तर जिवतीकडे डोंगरात टाकतील असं सगळे म्हणतात.

३० सप्टेंबरचा पट धरणार. चार पाहिजेत.

२८ जून, शनिवार

केंद्रप्रमुखांचा फोन. "मॅडम, कोणालाच दाखला देऊ नका. दाखला नाही तर नाव आपल्याच पटावर राहते. सप्टेंबर निघून जाऊ द्या."

"आणि पालक मागायला आले तर?"

"शिक्का सापडत नाही म्हणा."

हसले मी. शिक्का टेबलाच्या वरच्या खणात आहे, निळ्या शाईच्या डबीशेजारी.

फोन ठेवल्यावर खणाला कुलूप लावलं. का लावलं ते स्वतःलाही नीट सांगता येणार नाही.

३ जुलै, गुरुवार

श्यामरावभाऊ दाखल्यासाठी आले. चहा घेतला, धानाच्या पऱ्ह्याच्या गोष्टी केल्या, मग विषय काढला. मी म्हणाले, पुढच्या आठवड्यात या, जरा कागद अडकलेत. शिक्क्याचं नाव नाही काढलं, पण खोटं ते खोटंच. ते "बरं" म्हणून उठले. जाताना कुलपाकडे बघितलं असं वाटलं. कदाचित मलाच वाटलं.

बारा वर्षांच्या नोकरीत पालकाशी डोळ्यात बघून खोटं बोलल्याचं आठवत नाही. आता आठवेल.

८ जुलै, मंगळवार

भाऊ पुन्हा आले. या वेळी बसले नाहीत. दारातच उभे.

"बाई, दाखला काऊन देऊन नाई राह्यले तुमी? तिकडची शाळा रोज मागते पोट्ट्याले."

मी सुरू केलं: पटसंख्या, पद, गावाची शाळा, तुम्हीच अध्यक्ष, तुम्हीच नातू हलवला तर लोक काय म्हणतील. बरंच बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. मग एवढंच:

"बाई, तुमची पोरगी कुठी शिकते?"

तन्वी चंद्रपूरला. इंग्रजी शाळेत. आठवीत. बस दारात येते.

"तेच म्हनतो मी," भाऊ म्हणाले. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

खण उघडला. चारही दाखले लिहिले, शिक्का मारला, सही केली. चौघांचेही त्यांच्याच हाती दिले. बोरकुटे सर व्हरांड्यातून बघत होते. मी नजर टाळली.

सोळा.

९ जुलै, बुधवार

सरांच्या गाडीवर टोल्यावर गेलो. नाल्यापलीकडचा टोला, तेवीस-चोवीस घरं, सगळी मडावी-आत्राम, गोंडांची. शाळेपासून जंगलवाटेनं चार किलोमीटर. डांबरी रस्त्यानं फिरून गेलं तर अकरा. तिथली शाळा पाचवीपर्यंत. पाचवी झाली की पोरं कुठे जातात हे आम्ही कधी विचारलंच नव्हतं. आज विचारलं, कारण आज गरज आहे. हे लिहिताना बरं वाटत नाही.

चार मुली घरी बसलेल्या. मंजुळा, सोनी, रेश्मा, अंजू. मंजुळा सगळ्यांत मोठी, वर्षभर शाळा सुटलेली. अंगणात आईसोबत वास्ते चिरत होती. बांबूचे कोवळे कोंब, एकसारखे बारीक तुकडे. सर तिच्याजवळ उकिडवे बसले. शाळेत येशील का? तिनं विळीवरची नजर काढली नाही. म्हणाली, "बाबाले विचारा."

बाबा, चिन्नूभाऊ मडावी, बांधावरून आले. जोहार झाला. मग मला म्हणाले, "वाट जंगलाची हाये बाई. पन चार जनी संगं असल्या तर येतीन. तुमच्या भरोशावर पाठवतो."

मी हो म्हटलं. पटकन म्हटलं.

१४ जुलै, सोमवार

चौघी आल्या! साडेनऊलाच. चपला हातात, पाय पोटरीपर्यंत चिखलाचे. हापशीवर धुतले आणि सहावीत मागच्या रांगेत चिकटून बसल्या.

वीस. आज सरांनी फळ्यावर उपस्थिती लिहिताना २० चं शून्य जरा मोठंच काढलं.

शेवंताबाईंनी (आमच्या खिचडीवाल्या) चौघींच्या ताटात दोन-दोनदा वाढलं.

२२ जुलै, मंगळवार

चाचणीचा निकाल. वाईट. सातवीच्या नऊपैकी चौघांना भागाकार येत नाही. सहावीत तिघे परिच्छेद वाचताना अडखळतात. त्यातला एक तर पहिलीपासून माझ्याच हाताखाली शिकलेला. दोष कोणाला देऊ.

केंद्रप्रमुख: "सरासरी एवढी कमी पाठवतं का कोणी? आधीच पट कमी, त्यात गुणवत्ता अशी. थोडं सावरून पाठवा." सरांनी यादी तशीच पाठवली. मला म्हणाले, "वाढवून पाठवलं तं पुढच्या चाचणीत काय शिकवलं म्हनून सांगू?"

आजची एकच चांगली गोष्ट. भागाकार घेताना सरांनी मंजुळाला सहज विचारलं, उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडता ना, एका पुड्यात पानं किती? सत्तर. मग साडेआठशे पानांचे पुडे किती? तिनं वर छताकडे बघितलं, ओठ हलले. "बारा. आन दहा पानं हातात राहतीन."

ज्या चौघांना येत नव्हतं त्यातला एक म्हणाला, "कसं केलं बे?" तिनं त्याला सांगितलं. सरांनी सांगितलं असतं त्याहून बरं सांगितलं.

४ ऑगस्ट, सोमवार

चौघी आल्या नाहीत. दुपारी कळलं. काल नाल्याजवळ वाघानं टोल्यावरची गाय मारली. शाळेच्या वाटेवरच. वनखात्यानं झाडाला कॅमेरा बांधला, "वाघाचा वावर" म्हणून पाटी लावली. पाटी नवी आहे. वाघ नवा नाही.

६ ऑगस्ट, बुधवार

तीन दिवस सोळा.

शाळा सुटल्यावर सर आणि मी डांबरी रस्त्यानं टोल्यावर. चिन्नूभाऊ म्हणाले, पोरी एकट्या येणार नाहीत. मी म्हटलं, आमच्यापैकी एक जण रोज सकाळी घ्यायला येईल, संध्याकाळी सोडायला येईल. सरांनी माझ्याकडे बघितलं. आधी त्यांना विचारलं नव्हतं. पण ते लगेच म्हणाले, "येऊ."

परतताना गाडीवर मी म्हटलं, माफ करा, न विचारता बोलले. ते म्हणाले, "पद माया हाये बाई. तुमी कायले माफी मागता."

खरं तर पद त्यांचं असलं तरी शाळा...

८ ऑगस्ट, शुक्रवार

काल सर, आज मी. हातात काठी, पर्समध्ये शिट्टी. मुली मोठमोठ्यानं कविता म्हणत चालतात. आवाज करत जायचं असतं, त्यांनीच सांगितलं. मला तिसऱ्या कडव्याच्या पुढे आठवेना. त्यांना सगळी पाठ. मी शिकवलेलीच कविता.

नाल्याजवळ सगळ्या एकदम चूप झाल्या. वास. गाईचं जे उरलं होतं त्याचा. अंजूनं माझा पदर धरला.

घरी फोनवर यांना सांगितलं नाही.

१२ ऑगस्ट, मंगळवार

लिहून ठेवते.

आज सोडायला सर गेले होते. पाच वाजायच्या सुमारास, नाला ओलांडून चढावर वानरं ओरडायला लागली. सर पुढे, मुली मागे. मंजुळानं मागून त्यांचा शर्ट धरला. "सर, हलू नका." वाटेच्या वळणावर बसला होता. सर म्हणतात पंचवीस पावलं. मुली म्हणतात त्याहून कमी. सरांच्या हातातली काठी खाली पडली, तो आवाज झाला, तेव्हा त्यानं मान वळवून बघितलं. मंजुळा सगळ्यांना हळूहळू मागं सरकवत होती, पाठ न फिरवता. रेश्माच्या तोंडावर तिनं हात ठेवला होता. मग तो उठला आणि बांबूत गेला. गेला तसा दिसेनासाच झाला.

टोला जवळ होता म्हणून तिकडेच गेले. टोल्यावरच्या सहा-सात जणांनी सरांना डांबरी रस्त्यानं परत आणून सोडलं. माझ्या दारात उभे राहिले तेव्हा पांढरे पडले होते.

"बाई, मी शिक्षक होतो तिथी, पन सांभाळून त्या पोरीनं आनलं."

चार जीव मी माझ्या शब्दावर त्या वाटेनं चालवले. विसासाठी.

१३ ऑगस्ट, बुधवार

सोळा. कोणाला घ्यायला गेलो नाही. केंद्रप्रमुखांना फोनवर सांगितलं. म्हणाले, "अरे बापरे. पण नावं आहेत ना पटावर? राहू द्या. रोजची उपस्थिती कोण बघतो?"

१४ ऑगस्ट, गुरुवार

शेवंताबाई खिचडी ढवळता ढवळता म्हणाल्या, "माया घरी राहू द्या ना चौघीले. पोरगी सासरी गेल्लीपासून खोली रिकामीच पडून हाये. सोमवारी याव, शनिवारी जाव."

मी म्हटलं, शेवंताबाई, चार पोरींची जबाबदारी... त्यांनी पळी काढून बाजूला ठेवली. "साठ पोट्ट्याइले रोज खाऊ घालतो ना मी? अजून चार घासानं का होते?"

केंद्रप्रमुखांना विचारलं. "वसतिगृह चालवायची परवानगी आहे का तुम्हाला? उद्या काही झालं तर मी हे ऐकलेलंच नाही, मॅडम. लेखी तर काहीच नको."

ठीक. त्यांनी ऐकलं नाही. मी ऐकलं.

१७ ऑगस्ट, रविवार

घरी जायचं होतं. गेले नाही. तन्वीची उद्या चाचणी. फोनवर हे म्हणाले, "चार पोरींची काळजी आहे, एकीची नाही." मी फोन ठेवला. त्यांचं चूक आहे असं म्हणता येत नाही.

शेवंताबाईंना घेऊन ऑटोनं टोल्यावर. डांबरी रस्त्यानं. चिन्नूभाऊंनी जोहार घेतला पण बसा म्हणाले नाहीत. मी सगळी योजना सांगितली. ऐकून म्हणाले,

"बाई, तुमाले वीस पायजेत. मले पोरगी एकच हाये."

कोणी सांगितलं त्यांना विसाचं, विचारलं नाही. गावात सगळ्यांना माहीत आहे. म्हटलं, "हो भाऊ, मला वीस पाहिजेत. त्यासाठीच आले होते पहिल्यांदा. खोटं नाही बोलत. आज आले ते फक्त त्यासाठी नाही." ते जमिनीकडे बघत राहिले.

तेवढ्यात शेवंताबाई मंजुळाच्या आईजवळ जाऊन बसल्या. दोघींचं गोंडीत बोलणं. मला एखाददुसरा शब्दच कळतो. गाव विचारलं, माहेर विचारलं, मग देव विचारले. दोघी सात देवाच्या, एकाच कुळाच्या निघाल्या. म्हणजे बहिणी. मंजुळाची आई उठली, घरात गेली आणि मंजुळाची पिशवी घेऊन बाहेर आली. नवऱ्याला काहीतरी म्हणाली, दोनच शब्द. मंजुळाला नंतर विचारलं काय म्हणाली. "मावशीकडे चालली, म्हने."

मंजुळा निघाली तशा बाकी तिघींच्या आयाही पिशव्या भरायला लागल्या.

१९ ऑगस्ट, मंगळवार

वीस. सकाळी शेवंताबाईंच्या अंगणात चौघी एका रांगेत बसून वेण्या घालत होत्या. मागचीनं पुढचीची. शेवंताबाईंचे यजमान एवढ्या पोरी बघून अंगणाच्या कोपऱ्यातच बसून राहिले म्हणे.

संध्याकाळी सहा वाजता आणि सकाळी सहा वाजता, दोन वेळा जाऊन बघते. रोज.

२५ ऑगस्ट, सोमवार

पोळ्यासाठी टोल्यावर गेल्या होत्या. परत येतात का याचा घोर होता. दहा वाजून गेले. प्रार्थना झाली, हजेरी झाली, वाटेकडे बघू नये म्हणून सातवीवर इतिहास घेतला. साडेदहाला ऑटो. चौघी, आणि शेवंताबाईंसाठी एक मोठं काशीफळ, लाल भोपळा. मंजुळाच्या आईनं बहिणीसाठी पाठवलेलं.

९ सप्टेंबर, मंगळवार

दुसरी चाचणी. फार काही नाही, पण भागाकार न येणारे चौघांवरून एकावर आले. अडखळणाऱ्या तिघांतले दोघांनी आज सलग वाचलं. सरांनी यादी माझ्यासमोर ठेवली. बोटानं एक-एक नाव दाखवत गेले. चष्मा दोनदा पुसला.

कोणी विचारलं तर सांगायला एवढं आहे. कोणी विचारत मात्र नाही. पट किती, एवढंच विचारतात.

१८ सप्टेंबर, गुरुवार

नवी अडचण. पटावर नाव असून भागत नाही. आधार जुळलं तरच विद्यार्थी धरतात. सोनीचं जुळत नाही. आधारावर 'सोनाबाई', जन्माचं साल दोन वर्षं चुकीचं. संगणकावर तिच्या नावापुढं लाल खूण. वर्गात बसणारे बाकी एकोणीस हिरवे.

२० सप्टेंबर, शनिवार

सोनीला आणि तिच्या आईला घेऊन तालुक्याला आधार केंद्रावर. तीन तास रांग. आईच्या बोटाचा ठसा मशीन घेईना. दहाही बोटं लावून बघितली. धानाच्या रोवणीनं आणि तेंदूची पानं तोडून रेघा गेल्यात. केंद्रावरचा मुलगा म्हणाला, हाताला तेल लावून पुढच्या महिन्यात या. पुढच्या महिन्यात!

सोनी परतताना विचारते, "मॅडम, मी नापास झाली का?"

२६ सप्टेंबर, शुक्रवार

संध्याकाळी केंद्रप्रमुखांचा फोन. आवाज एकदम गोड.

"मॅडम, तुमचे वीस होतात. वेदांतचं नाव अजून तुमच्याकडेच आहे."

दाखला मी जुलैत दिला, पण त्या इंग्रजी शाळेनं संगणकावरची मागणी आता पाठवली. मी मंजूर करीपर्यंत मुलगा आमचाच दिसतो. मी वर्गातल्यांचीच नावं जुळवली होती, म्हणून लक्षात आलं नव्हतं. बाकी तिघांच्या मागण्या केव्हाच येऊन गेल्या. ही एकच राहिली. वेदांतचं आधार हिरवं.

"चार दिवस हात लावू नका त्याला. तुम्ही खोटं काहीच करत नाही. फक्त बटण दाबत नाही."

२७ सप्टेंबर, शनिवार

सरांना सांगितलं. सांगायलाच पाहिजे होतं. ऐकून घेतलं आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. बाहेर मुलं लंगडी खेळत होती.

"तुम्ही सांगा सर, काय करू?"

"मले नका विचारू बाई." मग तिकडेच तोंड करून, "मले विचारलं तं मी थांबा म्हनीन. बाबाइले घेऊन कुठी जाऊ मी आता? म्हनून नका विचारू."

इतकी वर्षं एका शाळेत आहोत. त्यांना असं बोलताना आज पहिल्यांदा ऐकलं.

घरी गेले नाही. तन्वीला फोन केला. तिनं चाचणीचे मार्क सांगितले, चांगले आहेत. मग म्हणाली, तुझ्या शाळेत वाघ येतो का गं? कोणी सांगितलं तिला कोण जाणे.

२९ सप्टेंबर, सोमवार

दुपारी स्वतः श्यामरावभाऊ आले.

"बाई, तिकडची शाळा म्हनते वेदांतचं नाव तुमच्याकडून सुटून नाई राह्यलं."

"नाही सुटलं. मी सोडलं नाही." आता यांच्याशी पुन्हा खोटं बोलायचं नव्हतं. सगळं सांगितलं. वेदांतला सोडलं तर एकोणीस. न सोडलं तर वीस, सर राहतात. सोनीचं काय झालं तेही.

भाऊंनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "मंग थांबा ना दोन दिवस. माया पोट्ट्याचं दोन दिवसात का बिघडते? बोरकुटे सरानं माया पोराले बी शिकवलं."

म्हणजे सगळे थांबा म्हणतात. केंद्रप्रमुख म्हणतात, भाऊ म्हणतात, सर न विचारता म्हणतात. मीही आतून तेच म्हणत होते.

वर्गातून वाचनाचा आवाज येत होता. सोनीची पाळी होती. अजून अडखळते ती, जोडाक्षराला थांबते, पण आवाज चढता.

भाऊंना म्हटलं, "जो मुलगा इथे नाही त्याला मोजायचं आणि जी मुलगी इथे बसली आहे तिला सोडायचं. असा पट मी कसा पाठवू?"

मी संगणक उघडला. नेट तीनदा गेलं. तीनदा वाटलं, हेच बरं, आपणहून राहून जाईल. चौथ्यांदा आलं. मंजूर केलं. वेदांतचं नाव यादीतून गेलं.

मग कागद घेतला. पंचनामा. आज रोजी इयत्ता सहावी-सातवीत वीस विद्यार्थी प्रत्यक्ष वर्गात हजर, पैकी एकीच्या आधारातील चूक दुरुस्तीस दिली आहे, तिच्यासह वीस धरण्यात यावेत. अध्यक्ष म्हणून भाऊंची सही लागते. कागद पुढं केला.

"मी वर्गात जाऊन मोजू का आधी?" भाऊ म्हणाले.

"मोजा ना."

गेले. दारात उभे राहून बोटानं मोजले, एक ते वीस. पोरांनी उभं राहून "एकसाथ नमस्ते" केलं. परत येऊन सही केली. मोठी, वळणदार. जाताना सरांजवळ थांबले. नुसता खांद्यावर हात.

शाळा सुटली तसे सर न थांबता निघून गेले.

३० सप्टेंबर, मंगळवार

पट गेला. संगणकावर एकोणीस. सोबत पंचनामा, आधार केंद्राची पावती, सोनीचा वर्गातला फोटो.

केंद्रप्रमुख फोनवर ओरडले. "हाती आलेलं घालवलं तुम्ही. पंचनामे कोण वाचतो वर? यंत्र वाचतं, मॅडम, यंत्र!" मग आवाज उतरवून, "पाठवतो मी पुढं. माझी शिफारस जोडून पाठवतो. पण आशा ठेवू नका."

शिफारस जोडतो म्हणाले. हे अपेक्षित नव्हतं.

शाळा सुटल्यावर सर आले. दारातच, "बाई, सोनीचं नाव गेलं ना त्या कागदात?" म्हटलं, गेलं. "बरं झालं," म्हणाले आणि गाडीकडे गेले. त्यात राग होता की नाही ते मला ओळखता आलं नाही.

६ ऑक्टोबर, सोमवार

दसऱ्यानंतर शाळा. चौघी वेळेवर. वरून काही नाही. यादी दिवाळीनंतर निघेल म्हणतात. कोणी म्हणतं त्याआधीच. सरांनी सकाळी दशांश अपूर्णांक सुरू केले. तो धडा डिसेंबरपर्यंत चालतो.

दुपारी चिन्नूभाऊ आले. शाळेत पहिल्यांदाच. चप्पल बाहेर काढून ऑफिसच्या दारात उभे राहिले. बसा म्हटलं तर खुर्चीच्या काठावर बसले. मला वाटलं पोरीला न्यायला आले.

ते इकडे-तिकडे बघत राहिले. भिंतीवरचे नकाशे, कपाट, घड्याळ. वर्गाकडे कान होता. आतून सरांचा आवाज येत होता, मग मंजुळाचा. काहीतरी उत्तर दिलं तिनं, मुलं हसली.

"ते मायी पोरगी हाये का?"

"हो."

मग म्हणाले, "बाई, इथी सातवीपर्यंतच हाये ना?"

"हो."

"दोन वर्साचीच गोठ हाये. मंग आठवी कुठी?"

आठवी नऊ किलोमीटरवर. तिथे मुलींना राहायला जागा नाही. शेवंताबाईंची बहीणही नाही. चिन्नूभाऊ माझ्याकडे बघत होते. मी वही ओढली, एका कोऱ्या पानावर 'मंजुळा मडावी – आठवी' असं लिहिलं, आणि त्यांना म्हटलं, चहा घ्या, बसा नीट, बोलू.